मिलवॉकीचे पोलिश : पोस्ट ऑफिस विकत आणून चर्च बांधणारी माणसं

मधली_आळी

मागच्या आठवड्यात लेकीच्या शाळेत हेरिटेज नाइट होती, प्रत्येकाने आपापल्या घराण्याचं पोस्टर करून न्यायचं. आमच्या बाईसाहेबांनी एकाच कार्डशीटवर शिवाजी महाराज, गणपती आणि वडापाव असे दाटीवाटीने बसवले होते. शेजारच्या टेबलावर तिच्याच वर्गातला एक पोरगा, आडनाव असं की वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागतो, आणि त्याच्या पोस्टरवर फक्त एका जुन्या लाकडी घराचा फोटो. मी विचारलं हे काय रे, तर म्हणतो "हे माझ्या खापरपणजोबांनी उचललं." म्हटलं उचललं म्हणजे विकत घेतलं का? "नाही, उचललं."

मला हसू आलं कारण मला माहीत होतं तो काय म्हणतोय ते. आम्ही मिलवॉकीत (विस्कॉन्सिन राज्य, शिकागोच्या उत्तरेला) आलो तेव्हा पहिली चार वर्षं साउथ साइडला अशाच उचललेल्या घराच्या खालच्या अर्ध्या भागात भाड्याने राहिलो. याला इथे पोलिश फ्लॅट म्हणतात. अरुंद प्लॉटवर आधी दोन-तीन खोल्यांचं लाकडी घर बांधायचं, ऐपत असेल तेवढंच. मग चार पैसे जमले की आख्खं घर जॅकवर चढवून चार-पाच फूट वर घ्यायचं, खाली विटांच्या भिंती घालायच्या की झालं अर्धं जमिनीत अर्धं वर असं तळघर तयार. तिथे कोण राहणार तर गावाकडून आलेला मेव्हणा, नवीन लग्न झालेला मुलगा, नाहीतर भाडेकरू. आपल्याकडे घर वरून वाढतं, यांच्याकडे खालून! आमच्या खिडकीतून बाहेर बघितलं की लोकांचे गुडघे दिसायचे, नुसते पावसाळी बूट बघून पोस्टमन आलाय की दुसरं कोणी ते ओळखायला मी शिकले होते. थंडीत मात्र त्या विटांच्या भिंती इतक्या उबदार की हीटिंगचं बिल निम्मं.

वर राहायच्या घरमालकीणबाई, तेव्हा पासष्टीच्या, तिसऱ्या पिढीतल्या पोलिश-अमेरिकन. त्यांची नातवंडं त्यांना बाप्चा म्हणायची म्हणून आम्हीही बाप्चाच म्हणायचो (पोलिशमध्ये आजी. आमच्या बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना वाटलं मी "बापाचा" काहीतरी म्हणतेय). या बाईंमुळे मला ह्या सगळ्यात रस निर्माण झाला, नाहीतर आपल्याला शिकागोच्या अलीकडे-पलीकडे काय असतं ते कुठे माहीत असतं.

थोडी पार्श्वभूमी. अठराव्या शतकाच्या शेवटी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी पोलंड वाटून खाल्ला. १७९५ ते १९१८, सव्वाशे वर्षं नकाशावर देशच नाही. मिलवॉकीला आलेले बहुतेक प्रशियाच्या वाट्याला गेलेल्या भागातले, जिथे बिस्मार्कच्या काळात शाळेतून पोलिश भाषा हद्दपार होत होती. त्यामुळे बोटीच्या कागदांवर ही माणसं "जर्मनी" अशी नोंदली गेलीयत, बाप्चांच्या पणजोबांचीही नोंद तशीच आहे आणि त्याचा राग त्यांना अजून येतो. पण गंमत अशी की थोडंफार जर्मन येत असल्याने जर्मनांनी भरलेल्या या शहरात त्यांना फाउंड्री, टॅनरी, रोलिंग मिल इथे कामं पटकन मिळाली. सगळ्यात खालची, सगळ्यात घाणेरडी कामं, हे सांगायला नको.

आता चर्चची गोष्ट, ज्यासाठी खरं तर धागा काढला. लिंकन अव्हेन्यूवर सेंट जोसाफॅट बॅसिलिका आहे. फ्रीवेवरून घुमट दिसतो, पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं विधानभवन असणार. १८९० च्या दशकात इथले पाद्री होते फादर विल्हेल्म ग्रुत्झा. माणसं चर्चमध्ये मावेनात म्हणून नवीन बांधायचं ठरलं, एरहार्ड ब्रीलमायर नावाच्या आर्किटेक्टने प्लॅनही काढला. तेवढ्यात फादरना कळलं की शिकागोचं जुनं पोस्ट ऑफिस आणि कस्टम हाऊस पाडतायत. सरकारी इमारत, उत्तम दगड. हे गेले आणि २०,००० डॉलरला आख्खी इमारत भंगारात घेऊन आले! ५०० रेल्वे फ्लॅटकार भरून दगड, खांब, रेलिंग सगळं मिलवॉकीला आलं. मग आर्किटेक्टला सांगितलं आता ह्यात बसव. कापड आधी आणि माप नंतर. त्याने बिचाऱ्याने दगडांप्रमाणे प्लॅन बदलला.

पाया खणायला पॅरिशमधलीच, म्हणजे त्या चर्चच्या वस्तीतलीच माणसं, कारखान्यातली पाळी संपली की फावडी घेऊन यायची. १८९६ ला सुरू, १९०१ ला पूर्ण, आणि ग्रुत्झा त्याच उन्हाळ्यात, उद्घाटनानंतर काही आठवड्यांत वारले. मागे डोंगराएवढं कर्ज. लोकांनी आपली ती लाकडी घरं गहाण टाकून ते फेडत नेलं, फेडायला वीसहून जास्त वर्षं लागली, मध्ये १९१० साली फ्रान्सिस्कन पंथाच्या लोकांनी कारभार हातात घेतला म्हणून निभावलं. १९२९ मध्ये पोपनी बॅसिलिकाचा दर्जा दिला, अमेरिकेतली तिसरी. हातावर पोट असलेल्या लोकांची ही गोष्ट आहे.

बाप्चांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा घुमट, रंगीत काचा वगैरे काही दाखवलं नाही. सरळ एका दाराशी नेलं आणि म्हणाल्या मूठ बघ. पितळी-ब्राँझची गोल मूठ, हातांनी गुळगुळीत झालेली, तरी नीट बघितलं तर त्यावर अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याचा शिक्का. पोस्ट ऑफिसचीच मूठ. "देवाच्या घरात शिरताना आधी सरकारचा हात धरावा लागतो" असं म्हणून स्वतःच खो खो हसल्या.

अजून बरंच आहे, पण आधी इथे कोणाला यात रस आहे का ते बघते, नाहीतर मीच एकटी टाइप करत बसायची.

गवतीचहा

रस आहे! लिही गं. मी बफेलोला सहा वर्षं काढली, तिकडे ईस्टरनंतरच्या सोमवारी डिंगस डे. माहीत नसताना ऑफिसला निघाले तर एका म्हाताऱ्या काकांनी वॉटरगनने भिजवलं आणि हसत हसत विलोची फांदी हातात दिली. मुलं मुलींवर पाणी उडवतात, मुली त्या फांदीने पायांवर मारतात, आता सगळेच सगळ्यांवर. आपली रंगपंचमीच, फक्त एप्रिलमध्ये बर्फ वितळत असताना. लाल-पांढरे कपडे घालून परेड असते आणि ब्रॉडवे मार्केटमध्ये त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते, लोक लोण्याचं कोकरू विकत घ्यायला रांग लावतात. हो, लोण्याचं कोकरू, डोळे मिऱ्यांचे. ईस्टरच्या टेबलावर ठेवतात आणि मग प्रश्न असा की आधी कापायचं कुठून.

निमूट

धागा छान. पण फक्त चर्च आणि खाणं असं होऊ नये म्हणून भर घालतो. मिलवॉकीच्या पोलिश लोकांनी शहराला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट रक्त सांडून दिलीय. मे १८८६, आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकाभर संप. शिकागोचं हेमार्केट, म्हणजे ४ मे चा तो बॉम्ब आणि गोळीबार, सगळ्यांना माहीत असतं, १ मे ला आपण महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्र करतो तेव्हा भाषणात येतंही. पण हेमार्केटच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मे ला, मिलवॉकीत बे व्ह्यूच्या रोलिंग मिलकडे दीडेक हजार संपकरी चालत निघाले, त्यात पोलिश मजूर बहुसंख्य, जमले होते मिचेल स्ट्रीटवरच्या सेंट स्टॅनिस्लॉस चर्चपाशी. गव्हर्नर रस्कने मिलिशिया, म्हणजे राज्याची फौज बोलावलेली, तिने गोळीबार केला. निदान सात माणसं गेली, त्यात एक शाळकरी पोरगा.

आणि त्या मिलिशियात कोशिच्युश्को गार्ड नावाची तुकडी होती (कोशिच्युश्को म्हणजे पोलंड आणि अमेरिका दोन्हीकडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला पोलिश सेनानी), पोलिश पोरांचीच. म्हणजे रविवारी एकाच चर्चमध्ये बाजूबाजूला बसणारे. त्यांना पुढे शेजारीपाजाऱ्यांनी वाळीत टाकल्यासारखं केलं. आठ तासांचा दिवस काही लगेच मिळाला नाही, पण त्या शरद ऋतूतल्या निवडणुकीत कामगारांच्या पक्षाने इथे चांगलीच मुसंडी मारली आणि पुढे मिलवॉकीला जे समाजवादी महापौर मिळाले त्याची मुळं त्या चिडीत आहेत असं मानतात. अजूनही मे महिन्याच्या पहिल्या रविवारी लोक त्या जागी जमतात, मेलेल्यांची नावं वाचतात.

मधली_आळी

@निमूट वा, हे मी पुढच्या भागात लिहिणारच होते पण तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत. आम्ही एकदा गेलो होतो त्या कार्यक्रमाला. लेकीने विचारलं हे आठ तास म्हणजे काय, तर तिला सांगितलं बाबा सहा वाजता लॅपटॉप बंद करतो ना ते. नवरा म्हणाला कधी करतो मी?

शिट्टी_तीन

घर उचलतात ते प्रकरण नीट सांगा की. आत माणसं असताना?

मधली_आळी

@शिट्टी_तीन बाप्चांच्या घरची ऐकीव गोष्ट अशी की त्यांच्या पणजीने वर सूप चढवलेलं होतं आणि खाली पुरुषमंडळी स्क्रू फिरवत होती. सांडलं नाही म्हणे. मला पन्नास टक्के खरं वाटतं. पण तंत्र साधं आहे, घरं लाकडी, हलकी, खाली जाड तुळया सरकवायच्या आणि चहूबाजूंनी स्क्रू-जॅक एकेक आट्याने सारखे फिरवायचे. कोणी मध्येच बिडी ओढायला गेलं की घर कललं.

पैसा कुठून यायचा ते महत्त्वाचं. बँका या लोकांना दारात उभं करत नव्हत्या, मग यांनी स्वतःच्या बिल्डिंग अँड लोन सोसायट्या काढल्या. आपली पतपेढीच हो. दर आठवड्याला पंचवीस-पन्नास सेंट भरायचे, नंबर लागला की कर्ज. हिशेबाच्या वह्या पोलिशमध्ये. फेडणारा रोज सकाळी चर्चला दिसतो म्हटल्यावर बुडवेल कशाला? मला तर आमच्या आजोबांची गिरणगावातली खानावळ आणि भिशी आठवली, सेम टु सेम, फक्त इथे बर्फ.

खिडकीतली_मांजर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा खडा टाकते, राग मानू नका. मी मिलवॉकीतच सोशल वर्क शिकले. या साउथ साइडच्या पोलिश वस्तीचं १९६७ सालचं पान पण उलटा. मेनोमनी व्हॅलीवर १६ व्या स्ट्रीटचा पूल आहे, उत्तरेला काळ्या लोकांची वस्ती, दक्षिणेला पोलिश. तेव्हाचा शहरातला विनोद असा की हा जगातला सगळ्यात लांब पूल, आफ्रिका आणि पोलंड जोडतो. ऑगस्ट १९६७ मध्ये एनएएसीपी या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या युथ कौन्सिलची पोरं आणि त्यांच्याबरोबर फादर जेम्स ग्रॉपी हे पुलावरून कोशिच्युश्को पार्कपर्यंत चालत गेले. मागणी काय तर कुठल्याही वस्तीत घर भाड्याने किंवा विकत घेता यावं. पलीकडे हजारोंचा जमाव, दगड, बाटल्या, शिव्या. दुसऱ्या रात्री तर आणखी मोठा. ती मुलं तरी २०० रात्री चालत राहिली.

म्हणजे ज्यांनी स्वतः घर उचलून खाली भाडेकरू ठेवले त्यांनाच भाडेकरूचा रंग चालेना. आणि ज्याच्या नावाच्या पार्कात हे झालं तो कोशिच्युश्को मृत्युपत्रात लिहून गेला होता की अमेरिकेतल्या माझ्या पैशातून गुलामांना विकत घेऊन मोकळं करा आणि शिकवा. त्याच्या पुतळ्यासमोर!

बर्फाळ_पुणेकर

झालं, आला अजेंडा. चांगल्या धाग्यावर पण हेच. प्रत्येक समाजात असं असतंच की.

निमूट

@बर्फाळ_पुणेकर असतंच म्हणून सांगायचं नाही? पुण्यात घर शोधताना "आडनाव काय" हा पहिला प्रश्न असतो हे तुम्हालाही माहितीय. मांजरीने जे लिहिलं ते सगळं नोंदलेलं आहे, फोटो आहेत. आणि तो ग्रॉपी स्वतः साउथ साइडलाच वाढलेला, इटालियन दुकानदाराचा पोरगा. आता त्या पुलाला त्याचं नाव आहे.

मधली_आळी

@खिडकीतली_मांजर राग कशाला. खरं सांगू का, हा विषय मी बाप्चांकडे एकदाच काढला होता. त्या १९६७ ला अठरा-एकोणीस वर्षांच्या. जेवण झालं होतं, त्या भांडी पुसत होत्या. बराच वेळ एकच ताटली पुसत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मी नव्हते गेले. भाऊ गेला होता. रात्री घरी आला तर वडिलांनी विचारलं कुठे होतास, आणि तो म्हणाला पार्कात. त्यावर वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं." बस, एवढंच. नंतर विषय बदलला, गाजराच्या भावावर गेल्या.

आणि आज त्याच पार्काभोवती निम्म्याहून जास्त पाट्या स्पॅनिशमध्ये आहेत. बॅसिलिकेत स्पॅनिशमध्ये मास (प्रार्थना) होतो. पोलिश फ्लॅटच्या खालच्या मजल्यावर आता मेक्सिकन कुटुंबं, आणि मधली चार वर्षं एक मराठी कुटुंब. आम्हाला खोली देताना बाप्चांनी एवढंच विचारलं होतं की मासे तळता का. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर जरा हिरमुसल्या, त्यांना वाटलं होतं शुक्रवारच्या फिश फ्रायला जोडीदार मिळाले.

आजोबा_ऑनलाइन

मुलाकडे डेट्रॉइटला असतो दर उन्हाळ्यात. हॅमट्रॅमॅक म्हणून छोटं शहर आहे, डेट्रॉइटच्या पोटातच. डॉज मोटारींचा कारखाना आला आणि पोलिशांनी भरून गेलं, १९८७ ला पोप जॉन पॉल दुसरे मुद्दाम तिथे येऊन गेले. आता बांगलादेशी आणि येमेनी लोक जास्त. मी सकाळी फिरायला जातो तर एकीकडे चर्चची घंटा, एकीकडे अजान आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत पोंच्कीसाठी लायनीत बुरखेवाल्या बायका पण उभ्या. पोंच्की म्हणजे आत जॅम भरलेला तळलेला गोल पाव, साखर पेरलेला. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीचा उपास सुरू व्हायच्या आधी घरातली चरबी-अंडी संपवायला करायचे. पोलंडमध्ये त्यासाठी गुरुवार असतो, इथे अमेरिकेत मंगळवार केलाय. का ते विचारलं तर बेकरीवाला म्हणाला, तुम्ही दोन्ही दिवशी या.

मधली_आळी, तुम्ही त्यांचा ख्रिसमस पाहिलात का? आमच्या सुनेची मैत्रीण सांगत होती की त्या दिवशी मटण-चिकन काही नसतं.

मधली_आळी

@आजोबा_ऑनलाइन हो काका! पाहिलाच नाही, जेवले आहे. २४ डिसेंबरची रात्र, विगिल्या म्हणतात. त्या जेवणात मांस चालत नाही, मासे चालतात, बाकी सगळं आपल्यासारख्यांना चालणारं. बारा पदार्थ असायला हवेत. टेबलक्लॉथखाली मूठभर वाळलेलं गवत, येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून. आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत कोणी खायचं नाही, त्यामुळे नातवंडं खिडकीला नाक लावून बसलेली. आपल्याकडे संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघतात ना, तेच, आणि मिलवॉकीत डिसेंबरमध्ये ढग असले की तेच हाल. शेवटी बाप्चांनी रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवून "तो बघा तारा" म्हणून टाकलं.

आधी ओप्वातेक, म्हणजे पातळ पांढरी पापडीसारखी, त्यावर नक्षी उठवलेली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पापडीतला तुकडा मोडायचा आणि त्याला काहीतरी चांगलं चिंतायचं, म्हणजे दसऱ्याचं सोनं देतो तसं पण प्रत्येकाशी वेगळं बोलून. मग बीटाचं लालभडक आंबट सार, त्यात मशरूम भरलेल्या चिमुकल्या कानाच्या आकाराच्या वड्या. आणि पिएरोगी. आकार थेट करंजीचा, कडेला बोटाने दुमड घातलेली, फक्त तळायच्या ऐवजी उकळत्या पाण्यात सोडायची. आत बटाटा-चीज किंवा आंबवलेला कोबी आणि मशरूम. मी बसल्या बसल्या मुरड घातली, आईने शिकवलेली, तर बाप्चांची बहीण चष्मा वर करून बघायला आली. तेव्हापासून माझी नोकरी ठरली, दर २३ तारखेला मुरड घालायला हजर. गोडात खसखशीचा रोल. त्यांना सांगितलं आमच्याकडे खसखस अनारशावर लावतात, तर म्हणाल्या इतकीशीच? कंजूष!

एक गोष्ट राहिली. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, रिकामं. कोणी अचानक आलं तर त्याच्यासाठी. त्यांची म्हण आहे, पाहुणा घरात म्हणजे देव घरात. पहिल्या वर्षी मला आणि नवऱ्याला वाटलं ते ताट आमच्यासाठी, म्हणून आम्ही एकच ताट बघून एकमेकांकडे बघत उभे. बाप्चा म्हणाल्या, "तुमची ताटं पलीकडे आहेत. तुम्ही पाहुणे कुठे, तुम्ही भाडेकरू."

पंचगंगेकाठी

ताई, धागा लई भारी. पर कोल्हापूरचा इषय निघाला न्हाई अजून म्हंजे काय! आमच्या वळीवड्यात पोलिश लोक राहून गेल्यात. दुसऱ्या महायुद्धात रशियानं ज्यांना पोलंडमधनं उचलून सैबेरियात टाकलं होतं, त्यातली बायका-पोरं इराणमार्गे हिकडं आली. १९४३ पासनं १९४८ पर्यंत कॅम्प होता, सुमारे पाच हजार माणसं. शाळा, चर्च, थिएटर, स्काउटची पथकं, रस्त्यांना पोलिश नावं. माझी आज्जी सांगायची की त्यांच्या बायका बाजारात येऊन खुणेनं भाजी घ्यायच्या आणि वर्ष-दीड वर्षात "केवढ्याला दिलं" म्हणायला शिकल्या. महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ हाय, ख्रिश्चन दफनभूमीत कबरी हायत. २०१९ ला त्यातली म्हातारी माणसं परत आली होती, वळीवड्याच्या मातीला हात लावून रडली.

आणि पुढचं ऐका. ती गेली आणि फाळणीनंतर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आज आख्ख्या पश्चिम महाराष्ट्रातलं कापडाचं होलसेल तिथनं चालतंय. तुमच्या त्या उचललेल्या घरागत, एक गेला की दुसरा.

तर तुमच्या त्या आज्जीला विचारा की वळीवड्याचं कोण ओळखीचं हाय का. त्यातले बरेच पुढं इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला गेले.

गवतीचहा

बापरे, वळीवडे माहीत नव्हतं मला! मी सांगलीची असून. शाळेत कोणी एक ओळ सांगितली नाही.

बर्फाळ_पुणेकर

आता मुद्द्याचं बोलतो. हे वाचून मला आपल्या मंडळांचं वाईट वाटलं. पोलिशांनी चर्च बांधली, शाळा काढल्या, मिलवॉकीतूनच १८८८ मध्ये कुरियर पोल्स्की निघाला, अमेरिकेतला पहिला पोलिश दैनिक पेपर. आपण काय करतो, शाळेचा हॉल सहा तास भाड्याने घेतो, पन्नास डॉलरचं तिकीट लावून श्रीखंड-पुरी, आणि नाटकाचे प्रयोग.

निमूट

तुलना बरोबर नाही. ते आले तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, आजारी पडलं तर कोणी नाही, मेलं तर पुरायला पैसे नाहीत. म्हणून संस्था काढाव्या लागल्या. आपण व्हिसा आणि मेडिकल इन्शुरन्स घेऊन उतरलो. आपल्याला एकमेकांची तेवढी गरजच नाही.

खिडकीतली_मांजर

निमूटशी अर्धी सहमत. पण गरज नसतानाही करता येतं ना. मिलवॉकीतल्याच रिव्हरवेस्ट वस्तीत फाल्कन बोल आहे, म्हणजे पोलिश फाल्कन्स नावाच्या व्यायाम मंडळाचा हॉल, तळघरात शंभर वर्षांहून जुनी बोलिंगची लेन, वर नाचगाण्याला मोठा हॉल. मंडळातली माणसं म्हातारी झाली तरी हॉल चालू राहिला, पंक बँडवाले काय, लग्नं काय, गल्लीची मीटिंग काय, सगळं तिथे. माझ्या क्लासमेटचं रिसेप्शन तिथे झालं, ती ह्मोंग, म्हणजे आग्नेय आशियातून आलेल्या समाजातली. पोलिश माणूस एक होता, बारवर.

पंचगंगेकाठी

व्यायाम मंडळ म्हंजे तालीमच की! तालमीत पण खाली आखाडा आणि वर गणपतीची मीटिंग.

मधली_आळी

@पंचगंगेकाठी दादा, काल बाप्चांकडे जाऊन आले, मुद्दाम तुमच्या प्रश्नासाठी. आता त्या एकट्या असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण खालचा मजला अजून भाड्याने दिलेला, व्हेनेझुएलाचं एक जोडपं आहे. वळीवडे म्हटलं तर त्यांना काही कळेना. त्यांचे लोक १८८० च्या आसपास आलेले, महायुद्धातले निर्वासित म्हणजे त्यांच्या दृष्टीने "नंतरचे". आणि थोडं नाक मुरडून सांगितलं की ते नंतरचे शुद्ध पोलिश बोलायचे आणि आमच्या पोलिशला हसायचे. प्रत्येक लाटेचं पुढच्या लाटेशी भांडण असतंच वाटतं, आपल्याकडे पण सत्तरच्या दशकात आलेले काका एच-वन वाल्यांकडे बघतात ना तसं.

मग मी फोनवर वळीवड्याचा जुना फोटो दाखवला, कौलारू लांबलचक बराकी आणि पुढे पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली ओळीने. चष्मा शोधला, फोटो मोठा करायला लावला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "वेण्या बघ. सगळ्यांच्या एकसारख्या. कोणीतरी एकच बाई सकाळी बसून सगळ्यांच्या घालत असणार." मग गावाचं नाव लिहून मागितलं, फ्रिजवर चुंबकाखाली लावलंय, चर्चमधल्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपला विचारणार आहेत. कळलं तर इथे लिहितेच.

आणि जूनमध्ये लेकफ्रंटवर पोलिश फेस्ट आहे, जवळपास असाल तर या. पोल्का नाचावा लागेल हे आधीच सांगते, तो विस्कॉन्सिनचा अधिकृत राज्यनृत्य आहे त्यामुळे येत नाही म्हणून चालत नाही.

शिट्टी_तीन

येतो. पण मला घर उचलताना सूप सांडलं नाही हे अजून पटत नाहीये.

मधली_आळी

@शिट्टी_तीन बाप्चांना विचारलं. म्हणाल्या सूप नव्हतं, कोबी होता.